घडी, नमुना सातवा

मार्केट यार्डातून नारायणगावला परतताना
ट्रकात हवा असते.
ढमाले ड्रायव्हर हसत सांगायचे,
"म्याडम, डिझेल माझं, टोल माझा,
आणि शीटवर कोण? हवा."

त्या हवेवर माझा पगार निघतो.
भोसरीच्या जे ब्लॉकात, पत्र्याखाली,
जिथे एप्रिलमध्ये पट्टीसुद्धा लांबते की काय असं वाटतं,
मी वर्षभर एका क्रेटची घडी घालते आहे.
(क्रेट आम्ही म्हणतो. यार्डात कॅरेट.)
सहाशे बाय चारशे, उंची तीनशे,
मिटल्यावर पंचाहत्तर.
म्हणजे चार गाड्या भरून आल्या
तर रिकामं घेऊन जायला एकच पुरे.
बाकी तिघांनी काय करायचं
हे ड्रॉइंगवर नसतं.

पहिला कोपऱ्यात तडकला.
दुसऱ्याची खिट्टी माणसाचं बोट मागायची.
तिसरा मिटायचा झकास, उघडायला मात्र रुसायचा.
चौथ्याबद्दल नको बोलायला.
पाचव्याच्या बिजागरीत टोमॅटोचा रस वाळून बसला,
डिंकासारखा.
टूलरूमच्या यासीन शिकलगारांनी पिन काढली,
नाकाशी नेली,
म्हणाले, "फट ठेव पोरी. अर्धा मिलिमीटर.
इतकं घट्ट काही चालत नसतं."
सहावा घरी नेला होता दाखवायला.
आईने त्यात कांदे भरले
आणि परत दिला नाही.

सातव्याचे चाळीस नग घेऊन
पहाटे साडेतीनला गुलटेकडी.
गाळ्यासमोर कोथिंबिरीची ओल, पायाखाली पाला,
आणि इरप्पा.
त्याने हात लावलाच नाही.
अंगठ्याने खिट्टी उडवली, टाच मारली,
चारी भिंती आत पडल्या.
दोन सेकंद.
मी दोन हातांची, अकरा सेकंदांची पद्धत
चित्रांसकट लॅमिनेट करून आणली होती.
ती हळूच पिशवीत सारली.

"भारी आहे," तो म्हणाला.
चाळीसच्या चाळीस मिटवले,
भिंतीशी रचले, गुडघाभर तीन चळती.
मग इकडंतिकडं बघत राहिला,
काहीतरी हरवल्यासारखा.
"पन बसायचं कशावर?"

तेव्हा दिसलं.
पालथ्या कॅरेटवर चहा.
पालथ्या कॅरेटवर पावतीपुस्तक आणि मांडीवर कार्बन.
हौसाबाई देठ खुडत बसलेली, एक पाय लांब करून,
गुडघा धरलाय म्हणून.
तीन कॅरेट जोडून झोपलेला एक पोरगा,
पोटाशी पाय घेऊन.
पलीकडे एकावर देवाचा फोटो, उदबत्ती.

हवा मी मोजली होती, लिटरमध्ये,
दर फेरीला, दर महिन्याला.
तिच्यावर कोण बसतं
तो रकानाच नव्हता.

सोमवारी वाढवला.
पालथा, उघडा, रिकामा:
पंच्याऐंशी किलो, मधोमध,
बसल्या बसल्या हलणारे,
चहा संपेपर्यंत.
आणि मिटलेले सहा एकावर एक:
पंचेचाळीस सेंटीमीटर, बरोबर खुर्चीएवढे.
घसरू नयेत म्हणून तळाला खाच.

परचुरे साहेबांनी चष्मा कपाळावर नेला.
"ही अट कुठल्या गिऱ्हाइकाची?"
मी लिहिलं, इरप्पा.
आडनाव विचारायचं राहिलं होतं,
तिथे रेघ ओढली.
"वजन?"
"चाळीस ग्रॅम वाढेल."
ते बराच वेळ कॅलक्युलेटरशी बोलत राहिले,
मग म्हणाले, "खाच ठेव. बाकीचं बघू."

आठवा गुरुवारी मोल्डमधून निघेल.
तोवर टूलरूमच्या दाराशी
सातवा पालथा घालून
मी त्याच्यावर बसले आहे.
करकरतो.
यासीनचाचा लांबूनच ओरडतात, "पडशील गं!"
अजून तरी धरून आहे.